मुंडण करू नका, हे कायद्यात का लिहावं लागलं?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017. या कायद्याच्या विसाव्या कलमात रुग्णाच्या प्रतिष्ठेची एक यादी आहे. राहायला सुरक्षित आणि स्वच्छ जागा हवी, खासगीपणा हवा, अंगावर नीट कपडे हवेत, काम केलं तर त्याचा मोबदला हवा. हे सगळं वाचताना आपण मान डोलावत पुढे जातो. मग दोन गोष्टी येतात आणि तिथे थांबावं लागतं. रुग्णाला त्याचे स्वतःचे कपडे घालायचे असतील तर त्याच्यावर गणवेशाची सक्ती करू नये. आणि त्याचं सक्तीने मुंडण करू नये.

देशाच्या संसदेला हे कायद्यात का लिहावं लागलं असेल?

मला उत्तर माहीत होतं. इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराची पंधरा दिवसांची ड्युटी असते. ती मी एका सरकारी मनोरुग्णालयात केली. स्त्रियांच्या वॉर्डात सगळ्या बायकांचे केस मुळापासून कापलेले आणि अंगावर एकसारखे झगे. नावं पाठ व्हायला मला आठवडा लागला, कारण चेहरे वेगळे ओळखूच येईनात. मी तिथल्या मावशींना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "उवा होतात हो डॉक्टर. साठ जणींची डोकी कोण विंचरत बसणार?" मावशी दुष्ट नव्हत्या. जेवायला नकार देणाऱ्या एका मुलीला त्या रोज स्वतःच्या हाताने घास भरवायच्या. पण केस कापण्याआधी त्या बाईला विचारायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि म्हणून मीही काही बोललो नाही.

मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना नेमकं काय शिकवलं गेलं, याचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडची जुनी वेड्यांची इस्पितळं इंग्रजी अमदानीतली. 1858 च्या कायद्याने त्यांना चौकट मिळाली आणि 1912 च्या 'इंडियन लूनसी अॅक्ट'ने ती पक्की झाली. दाखल करायचं ते दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या संस्थांची देखरेख तुरुंगाच्या मुख्य निरीक्षकांकडे होती, नंतर ती सिव्हिल सर्जनांकडे आली. 1920 च्या सुमारास 'असायलम'ची पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल'ची पाटी चढली. भिंतींची उंची तेवढीच राहिली, आणि आत काम करणाऱ्या माणसाचं कामही तेच राहिलं: मोजणी करायची, कुलूप लावायचं, पळून जाऊ द्यायचं नाही. 'अटेंडंट' हा शब्द कितीही सौम्य असला तरी व्यवहारात तो पहारेकरीच होता. पहारेकऱ्याचं यश एकाच गोष्टीवर मोजतात, संध्याकाळी डोकी भरली का.

1946 च्या भोर समितीसाठी रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. त्यांचा अहवाल कडक आहे. ही ठिकाणं उपचारांपेक्षा कोंडून ठेवण्यासाठी चालतात, असा त्याचा रोख होता. स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये बंगळुरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. आजच्या निम्हान्सची ती पूर्वसूरी. तिथे डॉक्टरांबरोबर मानसोपचार परिचारिकांनाही रीतसर शिक्षण मिळू लागलं. पण हे शिक्षण मुख्यतः आजार, औषधं आणि शुश्रूषा यांचं. रुग्णाला "नको" म्हणता येतं का, हा प्रश्न अभ्यासक्रमात येण्याचा तो काळच नव्हता.

अपवाद होते, आणि त्यातला एक मला फार आवडतो. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे रुग्णासोबत राहायला बोलावलं. एरवी माणूस आत टाकला की घरचे पाठ फिरवत. इथे आई-बाप, भाऊ आपल्या माणसाचा आजार जवळून बघू लागले, समजून घेऊ लागले आणि त्याला घेऊन घरी जाऊ लागले. मानवी हक्क हा शब्द न उच्चारता केलेलं हे काम. माझी एक शंका अशी की, शेजारी रुग्णाची आई बसलेली असताना कोणता कर्मचारी हात उगारेल? साक्षीदार असणं हे एक प्रशिक्षणच असतं.

मात्र अमृतसर देशभर पसरलं नाही. 1980 च्या दशकात रांची, आग्रा, ग्वाल्हेर इथल्या रुग्णालयांची अवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पत्रकार शीला बारसे यांनी वेगळाच प्रश्न लावून धरला. कोणताही गुन्हा नसताना केवळ मानसिक आजारी म्हणून माणसांना तुरुंगात ठेवलं जात होतं. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं. त्याच वर्षी 1987 चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला (हो, मंजूर झाल्यानंतर सहा वर्षांनी). उपचारादरम्यान रुग्णाची शारीरिक किंवा मानसिक अप्रतिष्ठा होता कामा नये, असं त्यात लिहिलेलं होतं. वॉर्डातल्या मावशी-मामांपर्यंत ते पोहोचवायचं कोणी, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

1999 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि निम्हान्स यांनी मिळून 37 मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. कित्येक ठिकाणी बांधकाम अजूनही तुरुंगासारखंच आढळलं. दोनच वर्षांनी, 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे, तामिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. साखळी बांधणाऱ्याला ती बांधताना आपण काही गैर करतोय असं वाटलं नसणार. 'सुरक्षेसाठी' हा शब्द आपल्या क्षेत्रात फार स्वस्त आहे.

एरवाडीनंतर चर्चा इमारती, परवाने आणि तपासण्या यांचीच जास्त झाली. माणसांच्या शिक्षणाकडे गंभीरपणे वळायला आणखी दहा वर्षं लागली. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. भारताने 2007 मध्ये त्याला मान्यता दिली. मानसिक आजाराने आलेलं अपंगत्वही त्यात धरलेलं आहे. या कराराच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये 'क्वालिटी राइट्स' नावाचं साहित्य काढलं. मनोरुग्णालय तपासायचं कसं, हे त्यात आहे: राहणीमान, उपचारांचा दर्जा, निर्णय घेण्याचा हक्क, छळापासून मुक्तता, समाजात राहण्याची सोय. पुढे त्याला प्रशिक्षणाची पुस्तकंही जोडली गेली.

आणि इथे गुजरात येतं. 2014 पासून तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये हा कार्यक्रम राबवला गेला. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आणि डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. सहा संस्थांमध्ये प्रशिक्षण झालं आणि तीन संस्था तुलनेसाठी ठेवल्या. अशा प्रशिक्षणात भाषणापेक्षा प्रसंगांवर भर असतो. रुग्ण औषध नाकारतोय, आता तुम्ही काय कराल? तो ओरडतोय, बांधण्याआधी दुसरं काय करून पाहता येईल? त्याला काय हवंय हे त्याला विचारलंत का? महत्त्वाचं म्हणजे स्वतः आजारातून गेलेली माणसं यात शिकवणारी म्हणूनही असू शकतात. काल ज्याला आपण 'सत्तावीस नंबर' म्हणत होतो, तो आज समोर उभा राहून बांधून ठेवल्यावर कसं वाटतं ते सांगतो. पुस्तकातला कोणताही धडा याची बरोबरी करू शकत नाही.

वर्षभरानंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त आले. प्रशिक्षण झालेल्या संस्थांमध्ये सेवेचा दर्जा सुधारला आणि कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे बघण्याची दृष्टी ठळकपणे बदलली. काळजी घेणाऱ्या नातेवाइकांवरचा भारही थोडा हलका झाला. रुग्णांना स्वतःला मात्र जो फरक जाणवला, तो होता तरी बराच लहान. मला हा आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आपण बदललो असं आपल्याला वाटणं आणि समोरच्याला ते जाणवणं, या दोन गोष्टींत अंतर आहे. साठ जणींच्या वॉर्डात एकच मावशी असेल, तर तिचा दृष्टिकोन कितीही बदलला तरी विंचरायला हात दोनच.

या चळवळीवर आक्षेपही आहेत. कोणतीही सक्ती कधीच नको, अशी टोकाची भूमिका काही जण घेतात. तीव्र भ्रमात असलेला, स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस समोर आला की ती व्यवहारात कशी आणायची, हे अनेक मानसोपचारतज्ज्ञांना पटत नाही. मलाही पूर्णपणे पटत नाही. 2017 च्या कायद्याने मधला रस्ता धरला. साखळीने बांधणं पूर्ण बंद. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता विजेचे उपचार करणं बंद. एकट्याला कोंडून ठेवणं बंद. शारीरिक बंधन घालायचं तर ते फक्त तत्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरज असेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते कलम लिहिणाऱ्याने एखादा वॉर्ड आतून पाहिला असणार.

तुमचं कोणी अशा ठिकाणी दाखल असेल तर एवढं माहीत असू द्या. रुग्णाला बांधलं गेलं तर त्याची कारणं, पद्धत आणि वेळ कागदपत्रांत नोंदवावी लागते. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं, आणि अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवावा लागतो. तो प्रतिनिधी कोण असावा हे रुग्ण स्वतः, शुद्धीत असताना, साध्या कागदावर सही करून ठरवू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी आता तो कागद पहिल्या-दुसऱ्या भेटीतच लिहून ठेवायला सांगतो. बरेचसे लोक बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव लिहितात. एका काकांनी शेजाऱ्याचं लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तो मला विचारून करतो."