काळीच्या लाटा

जोयडा तालुक्याला समुद्रकिनारा नाही. समुद्र लागतो तो अणशी घाट उतरून कारवारला गेल्यावर. पण कारवारजवळ समुद्राला मिळणारी काळी नदी उगम पावते ती याच तालुक्यातल्या डिग्गी गावी. सुमारे १८४ किलोमीटरच्या या नदीच्या वरच्या अंगाला लोक राफ्ट घेऊन येतात आणि मुखाशी किनारा पाहायला.

मुखाकडची हौस जुनी आहे. १८८३ साली रवींद्रनाथ टागोर कारवारला राहिले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री होडीतून काळीत केलेल्या सफरीची आठवण रवींद्रनाथांनी पुढे लिहून ठेवली. कारवारच्या किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे.

वरच्या अंगाचा इतिहास वेगळा, आणि दुखरा आहे. पूर्वी जोयडा तालुक्याचे नाव सुपा होते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा हे त्याचे ठाणे. गणेशगुडीला १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब धरण बांधून झाले १९८७ मध्ये. सुपा गाव जलाशयाखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि अनेक कुटुंबे रामनगरला वसवली गेली. नदीवरच्या खेळाची गोष्ट सांगताना हे बुडालेले गाव वगळणे अन्यायाचे होईल, कारण राफ्ट ज्या पाण्यावर धावते ते याच धरणातून सोडलेले असते.

धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. ती चालू झाली की पाणी खाली खडकाळ पात्रात येते आणि राफ्टिंगची वेळ त्यावर ठरते. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घातलेली माणसे फुगवलेल्या रबरी राफ्टच्या काठावर बसून वल्ही मारतात आणि वाटाड्या मागून दिशा सांभाळतो.

नदीची लाट आणि समुद्राची लाट यांत मूळचाच फरक आहे. समुद्रात लाट पुढे सरकते, पाणी मात्र बहुतांशी जागच्या जागी घुसळते. फळीवरचा सर्फर त्या सरकत्या लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे येतो. नदीत पाणी खडकावरून घसरून पुढे जाते आणि लाट तिथेच उभी राहते. म्हणून समुद्राकाठच्या छायाचित्रकाराला प्रत्येक लाटेचा अंदाज घेत राहावे लागते. गणेशगुडीचा छायाचित्रकार मात्र काठच्या कातळावर बसून कॅमेरा आधीच लाटेवर रोखून ठेवू शकतो. वाट पाहायची ती फक्त राफ्टची. राफ्टचे नाक वर उचलले जाते, पुढच्या दोघांच्या तोंडावर पाणी फुटते आणि तेवढ्या क्षणात बटण दाबले गेले पाहिजे.

खऱ्याखुऱ्या सर्फिंगसाठी कर्नाटकात दक्षिणेला मुल्कीला जाता येते. तिथल्या मंत्र सर्फ क्लबची सुरुवात २००४ सालची, म्हणजे देशातल्या अगदी आरंभीच्या सर्फ क्लबांपैकी तो एक. सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया २०११ मध्ये स्थापन झाली.

जोयड्यात मात्र कॅमेऱ्याची ओढ पाण्याइतकीच रानाचीही आहे. १९८७ मध्येच अणशी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. दांडेली अभयारण्यासह त्याचा २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नदीचे नाव मिळाले. धनेश आणि काळा बिबट्या यांच्या छायाचित्रांसाठी लोक इथे येतात. धनेश नदीकाठच्या उंच झाडांवर सहज दिसतो. काळ्या बिबट्यासाठी मात्र अनेक फेऱ्या रिकाम्या जातात.