पाठीतली सुई आणि छातीतला श्वास



आमच्या संघटनेच्या कचेरीत संध्याकाळी जुने गिरणी कामगार येऊन बसतात. त्यांतल्या एका मामांचा उभा जन्म कार्डिंग खात्यात गेला. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार वेगळा आणि दमा वेगळा. मामांना डॉक्टरांनी दमाच सांगितला होता. मध्यंतरी ते पाठीत सुया टोचून घेऊ लागले. त्यांना बरे वाटे. पंप त्यांनी ट्रंकेत ठेवून दिला होता. मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाचता. सुई जाते पाठीत आणि दम लागतो छातीत. मधली नस कोणती?"

मी काही वैद्य नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. पण प्रश्न बिनतोड होता. त्याचा शोध घेता घेता मी दोन हजार वर्षे मागे गेलो. तोच वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवतो.

प्राचीन चिनी वैद्यांनी शरीर उघडून पाहिलेच नाही, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या सुमारास संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, की जिवंत माणसाचे शरीर बाहेरून मोजता येते आणि मेल्यावर ते कापून पाहता येते. इसवी सन १६ मध्ये वांग मांग या बादशहाने वांगसुन छिंग नावाच्या बंडखोराचे प्रेत राजवैद्य आणि कसबी खाटीक यांच्या स्वाधीन केले. त्यांनी आतील इंद्रिये मोजली आणि वाहिन्या कोठे सुरू होतात व कोठे संपतात हे पाहण्यासाठी त्यांत बांबूच्या बारीक काड्या घातल्या. त्यातून रोग बरे करण्याचे ज्ञान मिळेल, असे दरबारी इतिहासात नमूद आहे. ज्ञानाच्या इतिहासात दंडित माणसाचे शरीर असे फार वेळा कामी आले आहे. त्याची परवानगी कोणी विचारली नाही, हेही आपण विसरू नये.

मग सुईच्या वाहिन्या त्यांना प्रेतात सापडल्या काय? येथे एक मोठा पुरावा १९७३ मध्ये हाती आला. हुनान प्रांतातील मावांगदुई येथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली कबर उघडली, तेव्हा रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख सापडले. त्यांत ११ वाहिन्या आहेत, १२ नाहीत. त्यांवर डाग देण्याचे उपचार आहेत, सुईचे बिंदू नाहीत. आणि हाताच्या आतल्या बाजूची जी वाहिनी पुढील ग्रंथांनी फुप्फुसाची म्हणून नेमली, ती या जुन्या लेखांत हृदयाकडे गेलेली आहे. नेइजिंगमध्ये मात्र तीच फुप्फुसाशी जोडलेली असून काखेतून अंगठ्यापर्यंत उतरते. छाती भरणे, धाप लागणे ही तिची लक्षणे सांगितली आहेत. याचा अर्थ असा, की नकाशा एकदाच आकाशातून पडला नाही. रोग्याला हात लावून, अनुभवाने आणि त्या काळच्या तत्त्वज्ञानाने तो बदलत गेला. रक्त जिच्यातून वाहते ती नळी आणि 'छी' म्हणजे प्राणशक्ती जिच्यातून वाहते ती नळी, असा भेद त्यांनी आजच्यासारखा केलेला नव्हता.

पुढे नकाशा पक्का झाला. सुंग राजवटीत वांग वेइयी याने १०२७ मध्ये काशाचे पूर्णाकृती पुतळे ओतून घेतले आणि बिंदूंच्या जागी भोके ठेवली. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवीत आणि आत पाणी भरीत. विद्यार्थ्याची सुई बरोबर लागली तर पाणी बाहेर येई. परीक्षा चोख खरी; पण ती पुतळ्याची परीक्षा होती. बिंदू नेमका सापडला एवढेच तीतून कळे. रोगी बरा होतो की नाही, हे कळत नसे.

या शंकेला घरातूनच तोंड फुटले. १७९७ मध्ये लुआनचौ भागात साथीने मुले मरत होती आणि त्यांची प्रेते उघड्यावर पडत. वांग छिंगरेन या वैद्याने रोज सकाळी तेथे जाऊन ती न्याहाळली, आणि १८३० मध्ये वैद्यांच्या चुका सुधारणारे पुस्तक काढले. जुन्या चित्रांतली इंद्रिये प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, असे त्याने बजावले. चुका त्याच्याही झाल्या. धमन्यांतून हवा वाहते असे त्याला वाटे. तरी डोळ्यांनी पाहावे हा त्याचा आग्रह खरा होता.

आता मामांच्या पाठीकडे येऊ. दम्यासाठी ज्या जागा वापरतात त्यांत 'फेइशू' मुख्य. छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या खाली, मध्यरेषेपासून सुमारे दोन बोटे बाजूला. दुसरी 'दिंगछुआन', म्हणजे धाप थांबवणारी. मान वाकवल्यावर जे हाड ठळक वर येते, त्याच्या लगत. कातडीखाली तेथे स्नायू आहेत आणि पाठीच्या कण्यातून निघालेल्या मज्जातंतूंच्या शाखा आहेत. वेगळी अशी वाहिनी कोणत्याही शवविच्छेदनात निर्विवाद सापडलेली नाही. १९६० च्या दशकात उत्तर कोरियात किम बोंग हान यांनी ती सापडल्याचे जाहीर केले होते. त्या दाव्याला मान्यता मिळाली नाही.

मात्र एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. छातीच्या वरच्या मणक्यांच्या ज्या पातळीवरून पाठीच्या त्वचेला मज्जातंतू जातात, साधारण त्याच पातळीवरून फुप्फुसांकडेही अनुकंपी मज्जातंतू जातात. म्हणून सुईचा चेतनावेग कण्यात जाऊन तेथून फुप्फुसांवर परिणाम करीत असेल, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. तर्क सुसंगत आहे, पण पुरेसा नाही. माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंपर्यंत हे तंतू फार थोडे पोहोचतात. नळ्या आवळण्याचे काम मुख्यतः व्हेगस करतो, आणि तो मेंदूच्या तळातून निघून मानेतून खाली येतो. शिवाय दम्यात केवळ नळ्या आवळत नाहीत. आतले अस्तर सुजते, कफ साचतो. पंपातल्या औषधाचे काम तेथे असते.

मग मामांना बरे का वाटत होते? २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दम्याच्या रोग्यांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप आणि खोटी सुई दिली. एका पाळीत काहीच दिले नाही. ३९ रोग्यांनी प्रयोग पुरा केला. बरे किती वाटले असे विचारले, तेव्हा खऱ्या पंपाने ५०, खोट्या पंपाने ४५ आणि खोट्या सुईने ४६ टक्के सुधारणा त्यांनी सांगितली. काहीच न देता २१. पण यंत्रात फुंकर घालून श्वास मोजला, तेव्हा खऱ्या पंपाने तो २० टक्क्यांनी वाढला होता, बाकी तिन्ही पाळ्यांत सुमारे ७. बरे वाटणे खोटे नव्हते. पण नळ्या उघडल्या नव्हत्या. खऱ्या सुईबद्दलही आजवरच्या चाचण्यांतून दम्यावर तिचा भरवशाचा गुण सिद्ध झालेला नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकाबरोबर चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे सुईचा उपचार शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी तो रुजवला. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्या मैत्रीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ज्याचा आदर करायचा, त्याचे माप घेऊ नये असे थोडेच आहे? पगारवाढ झाली असे वाटणे निराळे आणि पगाराची पावती वाचणे निराळे, हे आम्ही कामगारांना जन्मभर सांगत आलो.

मी मामांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फुंकायचे मीटर हाती दिले. मामांनी सारा जोर लावून फुंकले. काटा फार खाली राहिला. मामा कितीतरी वेळ त्या काट्याकडे पाहत होते.

मी एवढेच म्हटले, "मामा, सुया घ्यायच्या तर घ्या. पण शिकलेल्या हाताकडूनच. पाठीत जास्त खोल गेली तर सुई फुप्फुसाला लागते. आणि पंप सोडू नका."

त्या रात्री मामांनी ट्रंक उघडली. हल्ली ते रोज सकाळी मीटरात फुंकतात आणि आकडा जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. मिळेपर्यंत आकडे लिहीत राहावे, असे आमचे दोघांचे ठरले आहे.