कोणाला घ्यावे? : निवडीच्या वादाचा एक वऱ्हाडी इतिहास

भातकुली हे गाव अमरावतीपासून जवळच आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली काळी जमीन, कपाशी, तूर, आणि लांबून भाविक येतात ते जैन मंदिर एवढीच त्याची ओळख बाहेरच्या माणसाला असते. परंपरा मात्र या गावाला थेट पुराणाशी जोडते. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले भोजकट म्हणजेच आजची भातकुली, असे मानले जाते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटात 'भोजकट राज्य' असा उल्लेख आहे, आणि चम्मक अचलपूरच्या परिसरातच येते. म्हणजे नाव तरी जुने आहे, आणि याच मुलखाचे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला रुक्मी भेटतो तो खलनायक म्हणून. महानुभाव कवी नरेंद्र असो वा एकनाथ, रुक्मिणीस्वयंवराच्या कथेत त्याच्याकडे सहानुभूतीने पाहण्याचे कोणाला कारण नव्हते. पण कथेचा गाभा काय आहे? निवडीचा वाद. रुक्मीला शिशुपाल हवा होता, कारण शिशुपालामागे जरासंध होता आणि राजकारण होते. रुक्मिणीला कृष्ण हवा होता. रुक्मीची निवड हिशेबाची, तिची निवड ओढीची. शेवटी हरण झाले, रुक्मी पाठलाग करून हरला, विद्रूप होऊन परतला, आणि कुंडिनपुरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणून त्याने भोजकट वसवले. एका चुकीच्या निवडीच्या आग्रहातून वसलेले गाव, असे भातकुलीचे वर्णन कोणी केले तर मला ते फारसे खटकणार नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त पुराण नसून क्रिकेट आहे. दुबळ्या संघाने कोणाला घ्यावे, हा प्रश्न वऱ्हाडात आणि विदर्भात कित्येक वर्षे चघळला गेला. कॉलेजच्या मैदानावरचा होतकरू पोरगा घ्यावा, की दुसरीकडे नाव कमावलेला अनुभवी माणूस? प्रश्न खेळाचा वाटतो, पण तो आपल्या भागाविषयी आपण काय समजतो याचाही आहे.

अमेरिकेने या प्रश्नावर एक चमत्कारिक तोड काढली. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये श्रीमंत संघ कॉलेजांतले उत्तम खेळाडू उचलत, गरीब संघ हरत राहत. फिलाडेल्फियाच्या ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवले की गेल्या मोसमात जो सर्वांत खाली राहिला त्याने पहिली निवड करावी. त्यानुसार ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात पहिला 'ड्राफ्ट' झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ नावे. सर्वांत तळाशी बेल यांचाच संघ होता, म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर निवडला. त्याच्याइतका नावाजलेला कॉलेज खेळाडू त्या वर्षी दुसरा नव्हता. गंमत अशी की बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्याची मागणी बेलना परवडेना, त्यांनी हक्क शिकागोच्या बेअर्स संघाला दिले, तिथेही सौदा जमला नाही, आणि हा गृहस्थ पुढे उद्योगधंद्यात शिरला. दुबळ्याला निवडीचा पहिला हक्क मिळाला तरी निवडलेला येतोच असे नाही!

आपल्याकडे असा हक्कही नव्हता. उलट दिशेचा प्रवाह होता. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, १८९५ चा जन्म. १९१६ साली मुंबईत हिंदूंच्या संघातून ते पुढे आले आणि १९२३ च्या सुमारास तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांनी केले तेव्हा त्यांचे नागपूर केवळ जन्मगाव उरले होते. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ तीत पहिल्यापासून होता, पण चारदा अजिंक्य ठरला तो होळकरांचा संघ : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. नागपुरात जन्मलेला हिरालाल गायकवाडही त्याच संघाचा गोलंदाज झाला. संस्थानिक हे त्या काळचे लिलावदार होते. नोकरी, हुद्दा, घर, आणि मैदानावर मान. बडोद्याने हजाऱ्यांना नेले तेही असेच. ज्याच्याकडे दरबार नाही त्याने आपले पोरगे वाढवायचे आणि दुसऱ्याच्या दरबारात पाहायचे. यात संस्थानिकांना दोष देण्यात अर्थ नाही. गुणाची कदर तरी त्यांनी केली. पण मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघाची कोणती कदर झाली, हा प्रश्न उरतोच.

'विदर्भ' या नावाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. पुढच्याच मोसमापासून मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका सुरू झाली. यावरून कोण कुठे उभे होते ते कळावे. त्यानंतरची पाच-सहा दशके विदर्भाच्या क्रिकेटविषयी लिहिण्यासारखे फार नाही. गुणी माणसे होती, संघ नव्हता. नागपूरच्या प्रशांत वैद्यने १९९५-९६ च्या सुमारास भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळले, प्रीतम गंधेने वर्षानुवर्षे ऑफस्पिनचा भार वाहिला. आणि संघ 'प्लेट' गटात, म्हणजे दुय्यम पंक्तीत.

याच काळात निवडीच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग घडला. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसाखाण वसाहतीतला उमेश यादव विशीपर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. सैन्यात, पोलिसांत भरती होण्याचा प्रयत्न झाला, जमला नाही. मग कॉलेजच्या संघात येण्यासाठी तो गेला, तर त्याला नकार मिळाला. कारण काय, तर तो कोणत्याही क्लबाकडून खेळलेला नव्हता. कॉलेजच्या संघात येण्यासाठी आधी क्लब हवा! आपल्या शिक्षणव्यवस्थेशी परिचय असणाऱ्या कोणालाही या अटीचे नवल वाटू नये. अनुभवाचा दाखला आणल्याशिवाय अनुभव मिळू न देण्यात आपण सारेच निष्णात आहोत. पुढे विदर्भ जिमखान्याने त्याला घेतले, गंधेने त्याच्यातला वेग ओळखून त्याची बाजू लावून धरली, आणि ३ नोव्हेंबर २००८ रोजी मध्य प्रदेशाविरुद्ध तो रणजी सामना खेळला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला.

या प्रसंगाचा अर्थ लावताना एक सोपी चूक होते. 'पाहा, गुण असला की वाट सापडतेच' असे म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. उमेश सापडला तो एका कर्णधाराच्या नजरेमुळे, आणि व्यवस्थेने नाकारल्यानंतर. जे अशा नजरेसमोर आलेच नाहीत त्यांची नावे कोणत्याही इतिहासात येणार नाहीत. शिवाय तो जन्माने नागपूरकडचा, वडील उत्तर प्रदेशातून खाणीत कामाला आलेले. 'आपला पोरगा' आणि 'बाहेरचा' या विभागणीत त्याला कुठे बसवायचे? अंतिम सामना गाजवलेला गुरबाणी, कर्णधार फैज फजल, यष्टिरक्षक अक्षय वाडकर ही नावे एका ओळीत लिहिली की विदर्भ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर संघाच्या यादीतच दिसते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे राज्याच्या संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. विदर्भाने ही वाट धरली. तमिळनाडूचा बद्रिनाथ आला, कर्नाटकाचा गणेश सतीश आला, आणि २०१५-१६ मध्ये मुंबईचा वसीम जाफर. जाफर तेव्हा सदतिशीत होता. आमच्या स्टाफरूममध्ये त्या वेळी जो वाद झाला तो मला चांगला आठवतो. मराठी, इतिहास आणि वाणिज्य या तीन विभागांची मते तीन, आणि चौथे मत चहा घेऊन आलेल्या शिपायाचे : "सर, हे सारे बाहेरचेच खेळन, त मंग आपल्या पोट्ट्याईले कवा भेटन चान्स?" मी त्याच्या बाजूचा होतो. निवृत्तीला आलेल्या माणसासाठी एक जागा अडवायची, आणि अमरावती-अकोल्याच्या पोरांनी बाकावर बसायचे, हे मला अन्यायाचे वाटत होते.

माझे म्हणणे अर्धे चुकले. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फजल कर्णधार. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय; रजनीश गुरबाणीचे दुसऱ्या डावात ६८ धावांत सात बळी. अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. ज्या शहराने एकेकाळी नागपूरचा नायडू नेला तिथेच हे व्हावे, यात इतिहासाने फारसे डोके लढवले नसणार, पण योग जुळला खरा. दिल्ली २९५, त्यात गुरबाणीची हॅट्ट्रिक; रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच, पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची १९७२-७३ मधली. विदर्भ ५४७, त्यात वाडकरचे पहिले प्रथम दर्जाचे शतक. दिल्ली पुन्हा २८०. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला, आणि विजयी फटका मारला जाफरने.

गुरबाणी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हणजे कॉलेजातून आलेलाच पोरगा. जाफरने तो मोसम मानधन न घेता खेळला, कारण आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळता न येताही त्याला पैसे मिळाले होते. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, त्याने हजारावर धावा केल्या आणि नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने चषक राखला. म्हणजे 'हा की तो' असा प्रश्नच कदाचित खोटा होता. म्हाताऱ्या फलंदाजाच्या समोरच्या टोकाला उभे राहून तरुणांनी जे शिकले असेल ते कोणत्याही शिबिरात शिकवता आले नसते. अर्धे बरोबर ठरले ते असे की संघ नागपूरचाच राहिला. अमरावतीच्या मुलाला नागपूर दीडशे किलोमीटर दूर आहे. भातकुलीच्या मुलाला त्याआधी अमरावती गाठायची आहे. ज्या जिल्ह्यात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवली, त्या जिल्ह्याला शरीर कमावणे कोणी शिकवण्याची गरज नाही. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची.

पाहणाऱ्यांचे डोळे किती फसतात याचे उदाहरण आयपीएलने सुरुवातीलाच दिले. २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील मुलांसाठी लिलाव नव्हता, अमेरिकी पद्धतीचा ड्राफ्ट होता. दिल्लीने आपल्याच गावचा विराट कोहली सोडून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. मूर्खपणा म्हणून हे आज सांगितले जाते. पण सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स ताफ्यात असताना आणखी फलंदाज कशाला, हा विचार त्या दिवशी शहाणपणाचाच होता. रुक्मीचा हिशेबही जरासंधाच्या काळात चुकीचा नव्हता. कोहली बेंगळुरूकडे गेला, आणि तरीही बेंगळुरूला पहिल्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत, अठराव्या मोसमापर्यंत थांबावे लागले. एक माणूस बरोबर निवडला म्हणून संघ उभा राहत नाही.

त्या २०२५ च्या बेंगळुरू संघात अमरावतीचा जितेश शर्मा होता. आधी मुंबईच्या ताफ्यात असून त्याला सामना मिळाला नव्हता. २०२२ मध्ये पंजाबने त्याला २० लाखांना घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बेंगळुरूने ११ कोटींना. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध, हंगामी कर्णधार म्हणून, त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून २२८ चे लक्ष्य गाठून दिले. त्या रात्री अमरावतीत फटाके ऐकू आले. २० लाख आणि ११ कोटी यांच्यामध्ये खेळाडू किती बदलला आणि पाहणारे किती बदलले, हे ठरवणे मला अवघड जाते.

त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरला रणजीचा अंतिम सामना झाला, विदर्भ विरुद्ध केरळ. विदर्भाकडून एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या, तर बाहेरून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळींचा विक्रम केला. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. केरळकडून ७९ धावांची चिवट खेळी करून ही आघाडी जवळजवळ पुसत आणणारा फलंदाज होता आदित्य सरवटे. हा नागपूरचाच, २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेणारा. आता तो केरळचा 'बाहेरचा व्यावसायिक' होता. नंतर नायर कर्नाटकात परतला, आणि जितेशही २०२५-२६ च्या मोसमासाठी विदर्भ सोडून बडोद्याला गेला.