जुनं पुस्तक, नवी लायब्ररी

आमच्या नारायणगावचा टोमॅटो आणि गेम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक, दोन्ही फार दिवस ताजे राहत नाहीत. जुन्नर-आंबेगावची आम्ही पोरं पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घ्यायचो. त्यात ग्राफिक्स म्हणजे बोरलँडचं टर्बो सी, तेही डॉसवर. ६४ बिट विंडोज असले १६ बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, मग डॉसबॉक्स टाका! ओपनजीएलकडे वळावं, तर १९९२ पासूनचं 'जीएल-बिगिन' २००८ मध्ये कालबाह्य ठरलं आणि २००९ च्या ३.१ आवृत्तीतून गेलंच. पुस्तकात मात्र पहिल्या धड्यापासून तेच.

मग ते पैसे पाण्यात गेले का? मला नाही वाटत. सरळ रेघ काढायची ब्रेझनहॅमची रीत घ्या. आयबीएममध्ये १९६२ साली प्लॉटरच्या पेनासाठी शोधलेली. पूर्णांकांची नुसती बेरीज-वजाबाकी. तीच टर्बो सीच्या पडद्यावर चालली, आजही चालते. गेम लूपही तोच: इनपुट घ्या, स्थिती बदला, चित्र काढा.

तेव्हा गावाकडच्या ज्युनिअर्सनो, नवं पुस्तक परवडत नसेल तर अडून बसू नका. जुन्यातली फंक्शनं सोडा, गणित वहीत उतरवा. लायब्ररी बदलली तरी ते कामाला येतं.