उघड्यावरील वीजपेट्या आणि जलरोधक जोडणी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका हा गोदावरीकाठचा, तरीही पर्जन्यछायेतील प्रदेश. उमापूर व त्याच्या परिसरातील शेती विहिरी आणि कूपनलिकांवर, म्हणजेच पर्यायाने विजेच्या पंपांवर अवलंबून आहे. पंपाचा स्टार्टर, कटआउट आणि मीटर यांच्या पेट्या बहुधा विहिरीच्या काठी, खांबावर किंवा पत्र्याच्या आडोशाला बसविलेल्या असतात. वर्षातील आठ महिने कोरडे जात असल्याने त्यांच्याकडे लक्ष जात नाही. परतीचा पाऊस मात्र थोड्या दिवसांत जोरदार कोसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदावरीला पूर आला, तेव्हा अशा उघड्या साधनांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पेटी भक्कम असूनही पाणी आत शिरते, ते बहुतेक वेळा पाइप व पेटी यांच्या जोडापाशी.

संरक्षणाचा दर्जा

पेटी धूळ व पाणी यांना कितपत रोखते, हे ‘आय.पी.’ या अक्षरांपुढील दोन अंकांवरून कळते. पहिला अंक धूळ व घन वस्तूंसाठी, तर दुसरा पाण्यासाठी असतो. आय.पी. ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्याच अंशी संरक्षण व सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांना अटकाव. आय.पी. ५५ ची पेटी पाण्याचा फवारा सहन करते. आय.पी. ६५ मध्ये धूळ मुळीच शिरत नाही. आय.पी. ६७ ची पेटी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत अपायकारक प्रमाणात पाणी जात नाही. मात्र हा दर्जा कारखान्यातून आलेल्या अखंड पेटीचा असतो. तिला वायरमनने एक जादा छिद्र पाडले आणि ते उघडे राहिले, की तो अंक केवळ कागदावर उरतो.

पाणी शिरते कसे?

पहिला मार्ग सरळ आहे. पाइप पेटीच्या माथ्यावरून आत आणला, तर पाइपावरून ओघळणारे पाणी थेट आतील जोडांवर पडते. दुसरा मार्ग पाइपाच्या पोटातून जातो. खांबावरच्या पाइपाचे तोंड आकाशाकडे उघडे असेल, तर तो पन्हाळीसारखे काम करतो. तिसरा मार्ग सहसा ध्यानात येत नाही. उन्हात पेटीतील हवा तापून प्रसरण पावते व बाहेर पडते. अचानक सर आली, की पेटी गार होते, आतील हवा आकुंचन पावते आणि फटीभोवती साचलेले पाणी आत खेचले जाते. दमट हवेतील बाष्पही आतल्या पत्र्यावर दवाच्या रूपाने जमते.

योग्य जोडणी

पाइप व केबल पेटीच्या तळाकडूनच आत घ्यावी, हा पहिला नियम. केबलसाठी तिच्या जाडीशी जुळणारा ग्लँड वापरावा. सैल ग्लँड चिकटपट्टीने भागवू नये. पाइपासाठी आट्यांचा अ‍ॅडाप्टर, पेटीबाहेरील बाजूस रबरी वायसर आणि आतून चेकनट अशी बांधणी असावी. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून जमिनीवर गळते. पाइपाचे वरचे तोंड खाली वळविलेल्या बेंडने झाकावे. न वापरलेली छिद्रे बुचांनी बंद करावीत. त्यामुळे पाली, मुंग्या व गांधीलमाश्यांनाही प्रतिबंध होतो. पाल संपर्कबिंदूंत अडकून शॉर्टसर्किट झाल्याची उदाहरणे ग्रामीण भागात नेहमीची आहेत. बाष्पाचे पाणी निघून जावे म्हणून उत्पादकाने तळाशी ठेवलेले निचऱ्याचे छिद्र मात्र बुजवू नये.

पी.व्ही.सी. पाइप उन्हाळा-हिवाळ्यात लांबी बदलतो. तीन मीटर लांबीच्या पाइपात ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे सात मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही टोके सोल्युशनने घट्ट बसविली, तर हा ताण जोडावर येऊन तो उकलतो. यासाठी सरकता जोड ठेवावा. उन्हाने ठिसूळ झालेला पाइप व चपटे झालेले झाकणाचे रबर पावसाळ्यापूर्वी बदलावे.

अर्थिंगला पर्याय नाही

जलरोधक जोडणी धोका कमी करते, पण तो संपवीत नाही. पत्र्याच्या पेटीत ओलाव्यामुळे सजीव तार आवरणाला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. पायाखाली चिखल असल्यास हा धक्का प्राणघातक ठरू शकतो. पी.व्ही.सी. पाइप वीजवाहक नसतो, म्हणून त्यासोबत स्वतंत्र अर्थिंगची तार हवीच. लोखंडी पाइप असला तरी केवळ चेकनटच्या पकडीवर विसंबू नये, कारण रंग व गंज संपर्क तोडतात. व्यक्तीच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण उपयुक्त ठरते. तेही अर्थिंगला पूरक आहे, पर्याय नव्हे.

सौरपंपांच्या बाबतीत वेगळी दक्षता लागते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. सौरफलकांतून येणारा प्रवाह एकदिश असतो. त्यात प्रत्यावर्ती प्रवाहाप्रमाणे क्षणोक्षणी शून्य येत नाही, त्यामुळे ढिल्या ओल्या जोडातील ठिणगी सहजी विझत नाही. शिवाय ऊन असेपर्यंत फलकांकडील तारा सजीवच राहतात.

कायदा आणि खबरदारी

पूर्वी भारतीय विद्युत नियम १९५६ लागू होते. त्यांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व पुढे २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. वीजसंच मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून व प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली करणे त्यांत अपेक्षित आहे. मांडणीविषयी आय.एस. ७३२ आणि अर्थिंगविषयी आय.एस. ३०४३ ही भारतीय मानके आहेत.

कृषिवाहिनीवर वीज पाळीने येते. ‘सध्या वीज नाही’ म्हणून पेटी उघडणे धोक्याचे, कारण पुरवठा केव्हाही परत येतो. ऑटोस्विच असल्यास मोटार आपोआप सुरू होते. आधी मुख्य स्विच बंद करावा, तारा टेस्टरने तपासाव्यात आणि मगच पेटी उघडावी. पाण्यात बुडालेली पेटी वाळली तरी तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पुरवठा जोडू नये. खांबाला किंवा पेटीला झिणझिण्या जाणवल्यास दूर राहून महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. मृग नक्षत्रापूर्वी केलेली अर्ध्या तासाची पाहणी आणि काही रुपयांचा रबरी वायसर यांमुळे एखाद्या कुटुंबावरील अनर्थ टळू शकतो.