कापड वीज अडवते का? वीजरोधक कापड निवडताना काय पाहावे?

उघड्या वायरवर चिंधी गुंडाळणे किंवा ओल्या फरशीवर गोणपाट टाकून स्विचबोर्डला हात लावणे, हे अनेक घरांत चालते. दोन्ही जिवावर बेतू शकते.

साधे कापड का चालत नाही?

सुती धागा हवेतला ओलावा शोषतो. त्यात घामाचे मीठ मिसळले की कापडातून वीज वाहू लागते. पॉलिएस्टर कमी ओलावा शोषते, पण विणीत छिद्रे राहतातच आणि उष्णतेने ते वितळते.

मग वीज कोण अडवते?

वीजरोधक कापडात धागा मुख्यतः बळकटी देतो. वीज अडवतो तो त्यावरचा अखंड थर. पूर्वी मोटार आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये वॉर्निश लावलेले सुती कापड वापरत. आता काचतंतूच्या कापडावर सिलिकॉन रबराचा थर देतात. ते लवचीक राहते आणि उष्णताही सोसते.

निवडताना हे तपासा:

• व्होल्टेज: पॅनेलसमोरच्या मॅटवर आयएस 15652 हे भारतीय मानक आणि वर्ग पाहा. वर्ग ए 3.3 केव्हीपर्यंत, बी 11 केव्हीपर्यंत, सी 33 केव्हीपर्यंत.
• तापमान: उष्णता-वर्ग एफ म्हणजे 155 अंश सेल्सिअस, एच म्हणजे 180.
• रंगावर जाऊ नका: काही काळ्या रबरात कार्बन इतका असतो की त्यातून वीज वाहते.
• घडी, चीर, भोक: थर फाटला की संरक्षण संपले.

घरातली उघडी वायर मात्र कोणत्याही कापडाने झाकू नये. मेन स्विच बंद करून ती इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावी.