एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

इंदूरचा परदेशीपुरा हा जुन्या गिरणगावाचा भाग. बाहेरून पोटासाठी आलेल्यांची वस्ती, असा त्या नावाचाच अर्थ. तेथील कामगारांच्या परिचयाची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. आज त्याच परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स ही उद्योगवसाहत असून संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्या तेथे काम करीत आहेत. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे कशी नांदतात, हे गिरणीच्या वस्तीला निराळे सांगावयास नको. संगणकाच्या जगातही तोच प्रकार आहे. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात आणि अनेक संस्थांचे टपालही तेथेच उतरते. मात्र ही सोय प्रारंभापासून नव्हती.

या कामी टपाल पुढे गेले आणि संकेतस्थळे मागाहून आली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले, तेव्हा ‘ॲट’ या चिन्हापुढे यंत्राचेच नाव लिहिले जाई. जितकी यंत्रे तितकी नावे, असा तो हिशेब होता. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची नवी व्यवस्था मांडली. तीत नाव आणि यंत्राचा क्रमांक यांची सांगड एका नोंदवहीत घातली जाऊ लागली. १९८६ मध्ये त्या वहीत आणखी एक नोंद रूढ झाली : अमुक नावाचे टपाल कोणत्या यंत्राने स्वीकारावे. येथे नाव यंत्रापासून सुटे झाले. पत्र पोहोचविणारा संगणक प्रथमच पूर्ण पत्ता उच्चारतो; त्यामुळे दहा संस्थांचे टपाल एका दाराशी आले तरी घोटाळा होत नाही.

संकेतस्थळांची गोष्ट निराळी होती. पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत सुरू झाले. त्या काळी वाचकाचा संगणक दाराशी येऊन केवळ ‘अमुक पान द्या’ एवढेच म्हणे. कोणाचे पान, हे सांगण्याची रीतच नव्हती. पोस्टमनने वाड्याच्या दारात उभे राहून नाव न घेता ‘पत्र आहे’ म्हणावे, तसेच ते. परिणामी प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागे. हे क्रमांक सुमारे ४२९ कोटीच. शिवाय प्रत्येकाचा खर्च निराळा.

जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमावलीने एक ओळ सक्तीची केली : पान मागणाऱ्याने यजमानाचे नाव सांगितलेच पाहिजे, न सांगितल्यास मागणी नाकारावी. एवढ्या एका ओळीने एका क्रमांकावर शेकडो बिऱ्हाडे राहू लागली. एखादे ग्रंथालय किंवा मराठी मंडळ, स्वतःचे यंत्र न घेता, अल्प भाड्यात स्वतःच्या नावाची पाटी लावू शकले ते यामुळेच.

एक अडचण मात्र उरली. गुप्त संभाषणात सर्व्हरला आधी ओळखपत्र दाखवावे लागे आणि पाहुणा नाव सांगे ते त्यानंतर. मग कोणाचे ओळखपत्र दाखवावयाचे? २००३ मध्ये ही गाठ सुटली : नाव प्रारंभीच सांगावे, असे ठरले. तरीही जुन्या संगणकांना ही रीत अवगत नसल्याने ती अंगवळणी पडण्यास दहाएक वर्षे गेली.

सामाईक छपराचे तोटेही सामाईकच. एका भाडेकरूने जाहिरातींची फसवी पत्रे पाठविली की वाड्याचा क्रमांकच काळ्या यादीत जातो आणि शेजारच्या निरपराध संस्थेची पत्रेही परत येतात. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये प्रत्येक नावाने आपल्या पत्रावर स्वतंत्र सही उमटविण्याची रीत प्रमाणित झाली. पत वाड्याची न राहता काही अंशी तरी बिऱ्हाडाची झाली.

याहून मोठा प्रश्न वाडाच पाडला गेला तर काय, हा आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने लक्षावधी लोकांना फुकट जागा दिली. मोहल्ले पाडून घरक्रमांकही दिले. परंतु पत्त्यात नाव मालकाचे होते. २००९ मध्ये तेथील मोहल्ले बंद झाले, तेव्हा ज्यांनी लिखाण उतरवून घेतले होते त्यांनाही जुना पत्ता नव्या घरी नेता आला नाही. ज्याचे नाव स्वतःचे असते, तो नोंदवहीतील यंत्राचा क्रमांक बदलतो आणि वाचकाला घर बदलल्याचे कळतही नाही.

२०१४ पासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीतही असे नाव घेता येते. त्याची नोंदणी ठराविक मुदतीची असते. ती वेळेवर वाढवावी लागते. छोट्या संस्थेने वर्गणीचे चार पैसे प्रथम या कामी खर्चावेत, कागदपत्रे आपल्याच दप्तरी ठेवावीत आणि मजकुराची एक प्रत घरी राखावी. जागा भाड्याची असण्यात कमीपणा नाही. दारावरची पाटी तेवढी आपली असावी.